जगात जर्मनी, भारतात परभणी, आणि मधे बफचं चाक

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आम्ही परभणीकर कॉलर ताठ करून म्हणतो आणि बाहेरचे तेच गालातल्या गालात हसून म्हणतात. म्हणीचं मूळ काहीही असो. जर्मनीकडून परभणीने शिकावं अशी एक गोष्ट मात्र खरोखर आहे, आणि ती जर्मन सैन्याच्या जुन्या लोखंडी शिरस्त्राणांच्या रंगात आहे. हे विषयांतर वाटत असेल त्यांनी खंडेनवमीच्या आधीच्या आठवड्यात तालुक्याच्या गावी एखाद्या फॅब्रिकेशनच्या दुकानासमोर थोडा वेळ उभं राहावं. खिडक्यांच्या जाळ्या आणि नांगराचे फाळ यांच्या शेजारी एखादी काळी पडलेली तलवार, एखादी कट्यार, क्वचित ढाल भिंतीला टेकवलेली दिसते. दुपारी ती बफच्या चाकावर चढते आणि संध्याकाळी स्टीलच्या ताटासारखी लखलखत घरी जाते. जरा हौशी मालक असेल तर वरून निकेलचं पाणीही चढवून घेतो. मग तिचा फोटो मोबाइलवर फिरतो, खाली मजकूर: पूर्वजांचा पराक्रम.

त्या फोटोतल्या पात्यावर पूर्वजांचं काहीही उरलेलं नसतं. उरतो तो फक्त बफवाल्याचा पराक्रम.

असं बोललं की ठरलेली उत्तरं अंगावर येतात. शस्त्र हे दैवत आहे, त्याला गंजलेलं ठेवणं हा अपमान आहे. पूर्वीही शिकलगार हत्यारांना उजाळा देतच होते, गंजाचं कौतुक तुम्ही साहेबाकडून शिकलात. आणि शेवटचं, सर्वांत आवडतं: वस्तू आमची, तुम्हाला काय त्याचं? यांतलं मधलं उत्तर सगळ्यात वजनदार आहे, म्हणून आधी तेच.

शिकलगारांचा मुद्दा खरा आहे. मराठ्यांच्या, मोगलांच्या, निजामाच्या फौजांत हत्यारं साफ ठेवणारी माणसं असत आणि चकचकीत पातं ही अभिमानाची बाब होती. काळवंडलेली तलवार कमरेला लावून दरबारात जायची हौस कुठल्या सरदाराला असेल? नांदेड-परभणीच्या पट्ट्यात आजही शिकलकरी कुटुंबं आहेत. कढया, बादल्या, कुलपांच्या किल्ल्या यांवर पोट भरतात, पण घराण्याचा धंदा हत्यारांचा. तेव्हा जुन्या काळी हत्यारं घासत नव्हते असा माझा दावा नाहीच. ती कशाने घासत आणि कोण घासत, एवढंच मला विचारायचं आहे.

शिकलगाराच्या हाताशी साण होती, कुरुंदाची पूड होती, चामडं आणि तेल होतं. जाड कुरुंदावरून बारीक कुरुंदावर, तिथून चामड्यावर, असा तो पायरी पायरीने उतरत जाई. पातं तापलं की बिघडलं, हे त्याला कळत होतं. पोलाद जौहरदार असेल, म्हणजे पात्याच्या अंगात लहरींची नक्षी असेल, तर घासून झाल्यावर हिराकशीसारख्या द्रावाने ती पुन्हा उमटवावी लागे, कारण नुसत्या घासण्याने ती झाकली जाते. कारागिराचा शिक्का किंवा कोफ्तगिरीचं, म्हणजे पोलादावर ठोकून बसवलेलं, सोनं असेल तिथे हात जपून चालवणं हाच तर त्याच्या कसबाचा भाग होता. सोन्यासाठी पैसे मोजलेला मालक समोरच उभा असे.

आता बफचं चाक बघा. मिनिटाला दोन-तीन हजार फेरे. आधी तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर, मग कापडी चाक आणि त्यावर घासायची मसाल्याची वडी. चालवणारा पोरगा दाराच्या कड्या घासतो तशीच तलवार घासतो. त्याचा दोष नाही, त्याला कोणी वेगळं काही सांगितलेलंच नाही. धारेची कड गोल होते. पात्यावरच्या लांब खाचेचे काठ बोथट होतात. टोकाकडचा पातळ भाग निळा पडला तर समजावं की तिथलं पाणी उतरलं. शिकलगाराचं नाव घेऊन या प्रकाराचं समर्थन करणाऱ्यांनी एकदा शिकलकऱ्याच्या दारी जाऊन विचारावं, की बाबा, तू हे असं केलं असतंस का?

एक गोष्ट मात्र प्रतिपक्षाला देऊन टाकतो. जौहर या तडाख्यातून वाचू शकतो. ती नक्षी पोलादाच्या पोटात असते. पातं लाल होईपर्यंत तापलं नसेल तर जाणकार माणूस ती पुन्हा वर आणू शकतो. हे पोलाद आपल्याला परकंही नाही. गोदावरी परभणी-नांदेड ओलांडून पुढे जाते त्या मुलखात, आजच्या तेलंगणातल्या निजामाबाद जिल्ह्यात, कोनासमुद्रम नावाचं गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हेन्री व्हॉयसे हा भूगर्भशास्त्रज्ञ तिथे गेला, तेव्हा इस्फहानहून पोलाद खरेदीला आलेला इराणी व्यापारी त्याला तिथे भेटला. व्हॉयसेने केलेलं तिथल्या पोलादनिर्मितीचं वर्णन त्याच्या मृत्यूनंतर १८३२ मध्ये छापलं गेलं. दमास्कसच्या नावाने जगभर मिरवलेल्या पात्यांमागे दख्खनच्या अशा भट्ट्या होत्या. तर हे पोलाद चिवट आहे, ते वाचेल. पण शिक्का, कोरलेलं अक्षर, सोन्याची तार हे सगळं वरच्या कातडीवर असतं, आणि बफ कातडीच सोलतो.

आणि जी पाती देशी नाहीत, त्यांतली बरीच जर्मन आहेत. मराठी फौजेत युरोपात घडलेल्या लांब, सरळ पात्यांना मान होता. पोर्तुगीज आणि इतर व्यापाऱ्यांकडून पाती येत, इथे त्यांना देशी मूठ चढे आणि फिरंग तयार होई. जर्मनीतलं सोलिंगेन हे अशा पात्यांचं मोठं केंद्र. पासाऊ आणि सोलिंगेनच्या पात्यांवर धावत्या लांडग्याची खूण सापडते. चार-पाच रेघांत कोरलेला तो लांडगा इतका उथळ असतो की नवख्याला तो ओरखडाच वाटावा. काही पात्यांवर नामांकित इटालियन कारागिराचं नाव उगीचच ठोकलेलं असतं, म्हणजे बनावटही त्याच काळातली, आणि तीही अभ्यासाची चीज.

कोल्हापूरहून १८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सकडे गेलेली आणि आज इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात असलेली जगदंबा तलवार घ्या. पातं युरोपीय, त्यावर आयएचएस ही ख्रिस्ती अक्षरं ठोकलेली. रघुजी भोसल्यांची तलवार घ्या, जी महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०२५ मध्ये लंडनला सदबीजच्या लिलावातून ४७.१५ लाख रुपयांना मिळवली. पातं युरोपीय बनावटीचं, आणि त्याच्या पाठीवर देवनागरीत सोन्याने रघुजींचं नाव आणि सेनासाहेबसुभा हा किताब. एवढी एक ओळ नसती तर ती एका अनामिक सरदाराची चांगली तलवार ठरली असती आणि सरकार तिच्या वाटेलाही गेलं नसतं. सोन्याचा तो थर खरडून काढायला आमच्या दुकानातल्या तारेच्या ब्रशला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नसता. मराठवाड्यातल्या माळ्यांवर आणि देवघरांत अशी किती नावं होती आणि किती घासून गेली, हे आता कोण सांगणार?

परभणीत तर गंजालाही तारीख असू शकते. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या हैदराबाद संस्थानावरच्या पोलीस ॲक्शनच्या दिवसांत, आणि त्याच्या आगेमागे, हत्यारं विहिरीत टाकली, गोठ्यात पुरली, पुढे काढली, अशा गोष्टी अनेक घरांत सांगतात. सगळ्याच खऱ्या असतील असं नाही. पण खरं-खोटं तपासायला जागा एकच आहे, ते पातंच. ओल्या मातीत पडलेलं लोखंड आणि कोरड्या माळ्यावर पडलेलं लोखंड सारखं गंजत नाही. मातीत पुरलेल्या पात्याच्या गंजात मातीचे कण अडकून बसतात, खड्ड्यांची खोली वेगळी पडते. मुक्तिसंग्रामदिनी आपण आठवणी जपण्याची भाषणं ऐकतो आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्याच आठवणींचा एकुलता एक भौतिक पुरावा पॉलिश पेपरने साफ करतो. यात श्रद्धा किती आणि निष्काळजीपणा किती, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

आता जर्मन शिरस्त्राणांकडे येतो. १९१६ मध्ये व्हर्दूनच्या लढाईच्या सुमारास जर्मन सैनिकांच्या डोक्यावर पोलादी शिरस्त्राण आलं. हॅनोव्हरच्या तंत्रशिक्षण संस्थेतले फ्रीडरिश श्व्हेर्ड यांनी ते आखलं. दोन महायुद्धांत मिळून लाखोंच्या संख्येने ती बनली. म्हणजे नुसतं पोलाद बघितलं तर एकात आणि दुसऱ्यात फरक फारसा नाही. फरक आहे तो वरच्या रंगात. जुलै १९१८ मध्ये हुकूम निघाला आणि शिरस्त्राणांवर पिवळट, हिरवे, तांबूस तपकिरी पट्टे आले, मधून बोटभर रुंदीची काळी रेघ. १९३५ च्या नमुन्याला गुळगुळीत हिरवट रंग होता आणि दोन बाजूंना दोन चिन्हं. १९४० मध्ये उजव्या बाजूचं तिरंगी ढालीचं चिन्ह काढायला लावलं आणि रंग खरबरीत, मंद केला, कारण चकाकी शत्रूला लांबून दिसते. १९४३ मध्ये गरुडाचं चिन्हही बंद झालं. आतल्या कडेला कारखान्याची अक्षरं आणि मापाचा आकडा. ईटी असेल तर ते टाले गावच्या कारखान्याचं.

तेव्हा एखाद्या शिरस्त्राणावर गुळगुळीत रंग, त्यावर खरबरीत रंग, आणि खालून डोकावणारी तिरंगी चिन्हाची कड असेल, तर ते १९४० च्या आधीपासून वापरात होतं आणि नंतरही राहिलं, एवढं त्या तीन थरांवरून सांगता येतं. ते सगळं खरवडून सुंदर नवा रंग दिला की उरतं ते फक्त टोपलं.

जर्मनीत आणि युरोपात हा धडा सहज मिळाला नाही. युद्धानंतर नॉर्वेसारख्या देशांनी हीच शिरस्त्राणं पुन्हा रंगवून आपल्या सैन्याला आणि नागरी संरक्षण दलाला वापरायला दिली. पुढे संग्राहकांची हौस वाढली, तसे कारागीर निघाले. नंतरचा रंग उतरव, जुन्यासारखा नवा चढव, छापील चिन्ह चिकटव. साध्या पायदळातल्या सैनिकाच्या शिरस्त्राणाला एसएसचं चिन्ह लावलं की किंमत फुगते, म्हणून असलीही चिन्हं सर्रास चिकटवली गेली. म्हणजे ‘फिनिश पूर्ववत करणं’ या गोंडस नावाखाली एका माणसाला तो ज्या टोळीत नव्हता त्या टोळीत नेऊन बसवलं गेलं. आज या क्षेत्रातला शहाणा माणूस कोऱ्या रंगाचं शिरस्त्राण दाखवलं की आधी संशय घेतो, आणि अर्धवट रंग उडालेल्या, खपल्या धरलेल्या नगाला जास्त पैसे देतो. ही पश्चिमेची फॅशन म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही. फसवणूक होऊन होऊन आलेलं शहाणपण आहे ते.

या शिरस्त्राणांशी आपला संबंध नाही असंही कोणी म्हणू नये. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबरच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे आणि ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी शिपाई नामदेव जाधव लढले, दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि दोघांच्याही समोर हीच शिरस्त्राणं घातलेलं सैन्य होतं. मराठा पलटणीतल्या कुणा आजोबांच्या ट्रंकेतून उद्या असं एखादं निघालं, तर पहिल्यांदा काय होईल? रॉकेलने धुतील, पॉलिश पेपर मारतील आणि हिरवा ऑइलपेंट लावतील. मग ते गणपतीच्या देखाव्यात पुठ्ठ्याच्या टोपीशेजारी ठेवायला हरकत नाही.

आता दैवताचा मुद्दा. देवाचं ते चमकलंच पाहिजे, हे कोणी ठरवलं? निजामी मुलखात बिदरी काम घरोघर पोचलं होतं. हुक्क्याचं बूड, पानदान, तबक. बिदरीचं सगळं सौंदर्य तिच्या काळेपणात आहे. जस्तात थोडं तांबं मिसळून ओततात, चांदी ठोकून बसवतात, आणि शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांच्या लेपाने जमीन काळीभोर करतात. चांदी मात्र पांढरीच राहते. तो काळा रंग हाच तिथला उजाळा. कित्येक घरांत पितळेच्या भांड्यांबरोबर बिदरीही पावडरीने घासून घासून राखाडी करून टाकली आहे, आणि मग ‘जुनी वस्तू, आता तेवढी चांगली दिसत नाही’ म्हणून मोडीत दिली आहे. चमक म्हणजे मान, हे समीकरण आपल्या परंपरेत सरसकट नव्हतंच. मंदिरातल्या कितीतरी पाषाणमूर्ती शतकानुशतकं तेल पिऊन काळ्या झाल्या आहेत, त्यांना कोणी बफ मारायला नेत नाही.

यावर पंढरपूरचं उदाहरण माझ्या तोंडावर फेकलं जातं. २०२४ मध्ये विठ्ठल मंदिरात रंग खरवडून, फरश्या काढून दगड मोकळा केला, तो चालतो आणि आमची तलवार चालत नाही का? अहो, तिथे काढलं ते अलीकडच्या काळात चढवलेलं होतं: ऑइलपेंट, चकचकीत फरश्या. काढल्यावर खाली सापडला तो मूळ घडवलेला दगड, छिन्नीच्या खुणांसकट. तलवारीवर कोणी ऑइलपेंट लावला असेल तर तो जरूर काढा, मी स्वतः येतो मदतीला. निकेल चढवणं हे मात्र त्या मंदिरात पुन्हा फरश्या बसवण्यासारखं आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेनेही हीच मर्यादा आखली आहे: जिथे अंदाज सुरू होतो तिथे पुनर्स्थापनेने थांबावं.

राहिला मालकीचा मुद्दा. त्यावर माझ्याकडे कायद्याचा दंडुका नाही. १९७२ चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षांवरच्या वस्तूंच्या निर्यातीवर आणि व्यापारावर बोट ठेवतो. तुमच्या माळ्यावर चाललेल्या पॉलिश पेपरवर नजर ठेवायला कोणी येणार नाही. वस्तू तुमची, घासण्याचा अधिकारही तुमचा. मात्र घासल्यावर तिच्या जोरावर घराण्याचा इतिहास सांगू नका, कारण तो सांगणारा साक्षीदार तुम्हीच गप्प केला आहे. आणि विकायला काढाल तेव्हा जाणकार गिऱ्हाईक निम्म्यानेही मागणार नाही, हेही ध्यानात असू द्या. (किमतीचा मुद्दा मला फारसा आवडत नाही. पण ज्यांना दुसरा कळत नाही त्यांना तो लगेच कळतो.)

मग काय, गंजू द्यायचं? मुळीच नाही. चालू गंज आणि थांबलेला गंज यांत फरक करायला शिका. पांढऱ्या सुती कापडाने हलकेच पुसा. कापडावर केशरी भुकटी आली तर गंज चालू आहे, नाही आली आणि थर घट्ट काळपट-तपकिरी असेल तर तो थांबलेला आहे, त्याला हात लावू नका. चालू गंजावर हलकं यंत्राचं तेल लावून काही दिवस मुरू द्यावं आणि सुती चिंधीने, वाटल्यास बांबूच्या काडीने सुटेल तेवढंच सोडवावं. चिंच, लिंबू आणि संडासाचं ॲसिड तिन्ही वर्ज्य. शेवटचं तर जास्तच, कारण त्यातलं क्लोराइड लोखंडात शिरून बसतं आणि दर पावसाळ्यात गंज नव्याने फुटतो. संग्रहालयं तेलाऐवजी शुद्ध मेणाचा पातळ थर देतात. घरीही तो जमतो. तलवार कायमची म्यानात ठेवू नका. चामडं आणि लाकूड ओल धरतात, आणि आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये कितीही कोरडं असलं तरी जून ते सप्टेंबर म्यानाच्या आत वेगळंच हवामान असतं. सोनं, अक्षरं किंवा शिक्का दिसला तर घरी काहीच करू नये. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारावं.

पूजा जरूर करा. गंध-हळद-कुंकू मुठीला किंवा खाली अंथरलेल्या वस्त्राला लावा, पात्याला आपट्याचं पान आणि फूल पुरे, आणि आरती झाली की ओलं काढून कोरड्या फडक्याने पुसून ठेवा. नारळाचं पाणी पात्यावर वाहू देऊ नका. यात कुठल्याही देवाचा अपमान होत असेल तर मला दाखवून द्यावं.

एक शेवटचं, आणि ते ज्यांनी आधीच बफ मारून घेतला आहे त्यांच्यासाठी. हे वाचून वाईट वाटलं म्हणून ती तलवार ॲसिडने पुन्हा काळी करायला जाऊ नका. शिरस्त्राणांचे बनावट कारागीर नेमकं हेच करतात: नवा रंग देतात आणि मग तो जुना दिसावा म्हणून मातीत पुरतात, चहाच्या पाण्याने डागाळतात. चकाकली तशी चकाकू द्या. मेण लावा आणि मुठीला एक चिठ्ठी बांधा, तिच्यावर लिहा की अमुक साली, अमुक गावी, बफ मशीनवर पॉलिश केली, आधी पाठीवर अक्षरं होती की नाही ते आठवत नाही.